उद्याचा मोहल्ला कोण लिहिणार?

मुस्लिम मराठी साहित्यात विज्ञानकथा का नाही, असे विचारले की आमचेच काही जाणते हसतात. आधी भाकरीचे, दंगलीचे, तलाकचे लिहा, अंतराळयाने नंतर! आम्हाला हा युक्तिवाद साफ अमान्य आहे.

आमच्यात भूतकाळाचे ठेकेदार दोन. एक बगदाद-कॉर्डोव्हाच्या वैभवात रमतो आणि प्रत्येक शोध धर्मग्रंथात आधीच होता असे सांगून पोरांचे प्रयोगशाळेत जाण्याचे कष्ट वाचवतो. दुसरा जखमा मोजतो. त्या मोजायलाच हव्यात. १९९२-९३ विसरा असे आम्ही म्हणणार नाही. पण उद्या कसा असावा, हे दोघेही सांगत नाहीत.

ते १९०५ साली एका मुस्लिम बाईने सांगितले. रंगपूरजवळच्या पायराबंदच्या बेगम रुकैया सखावत हुसेन. कधी शाळेत न गेलेल्या, थोरल्या भावाकडून रात्री इंग्रजी शिकलेल्या. मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा आली. त्यात पुरुष मर्दान्यात बंद आहेत आणि बायका विद्यापीठे चालवतात, ढगांतून पाणी उतरवून घेतात, उन्हावर रांधतात. सूर्याच्या साठवलेल्या उष्णतेनेच त्या शत्रूचे सैन्य पळवून लावतात. ही म्हणे पळवाट! याच बाईंनी १९११ साली कोलकात्यात आठ मुलींवर शाळा सुरू केली. मुलींना पाठवा म्हणून दारोदार फिरल्या.

मराठीत तर वाट तयार आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्या वाटेवर आम्ही कुठे आहोत?

विषय नाहीत म्हणता? भिवंडीच्या मागावर माणूसच नकोसा झाला तर? मोहल्ल्याच्या नाक्यावरच्या चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला संशयित कसा दिसतो, हे शिकवले कोणी? कोकणातल्या खाडीकाठच्या कब्रस्तानात समुद्र शिरला तर मय्यत कुठे न्यायची? २००७ साली मलेशियाचे शेख मुजफ्फर शुकूर अंतराळ स्थानकात गेले, तेव्हा तिथे किबला कोणता धरायचा याचा विचार तिथल्या उलेमांना करावा लागला. हा प्रश्न आधी कथालेखकाला पडायला हवा होता.

आमच्या संमेलनांत अस्मितेवरच्या परिसंवादांना तोटा नाही. पुढच्या खेपेस त्यातला एक कमी करा आणि विज्ञान शाखेतल्या आमच्या मुलींना दोन तास द्या. विषय त्यांना ठरवू द्या.