शेवटच्या नळाची नोंद

आपल्या आरोग्य व्यवस्थेतले रजिस्टर रुग्णाला पुष्कळ प्रश्न विचारते. नाव, वय, पत्ता, ताप किती दिवस, जुलाब किती वेळा, लस घेतली का, कितवा महिना. एका प्रश्नाला मात्र तिथे क्वचितच जागा असते. हा आजार आला कुठून? पाण्यातून, धुरातून, फवारणीच्या औषधातून की दारातल्या ड्रममधून? रुग्णाचा पत्ता लिहिला जातो, आजाराचा पत्ता कोरा राहतो.

मी मूळची जालना जिल्ह्यातल्या, भोकरदन तालुक्यातल्या राजूरची. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींना सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय शिकवते. पर्यावरण आणि आरोग्य हा धडा आमच्या पुस्तकात सुरुवातीलाच येतो. मुली तो नीट शिकतात, पेपरात नीट लिहितात. पुढे उपकेंद्रावर रुजू झाल्या की तो धडा मागे पडतो, कारण तिथे त्यांचे काम लसीकरण, प्रसूती आणि कुटुंब नियोजनाच्या आकड्यांत मोजले जाते. हे आकडे महत्त्वाचेच आहेत. पण त्यांच्याबरोबर गावातल्या परिचारिकेला आजाराचे स्थानिक कारण नोंदवण्याचा अधिकार मिळाला पाहिजे, आणि तिने ते नोंदवले की ग्रामपंचायतीला ठरावीक मुदतीत उत्तर देणे भाग पडले पाहिजे. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे.

ही मागणी नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, तेव्हा निरोगी घरासाठी पाच गोष्टी सांगितल्या : शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड. या यादीत औषध नाही. आपल्याकडे सावित्रीबाई फुले १८९७ साली पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. वस्तीत जाऊन आजार पाहणे हे शुश्रूषेचे मूळ काम होते. टेबलावर बसून माहिती भरणे नंतर आले.

आधी पाण्याचे पाहू. गावाच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली की पाणी सुरक्षित झाले, असे आपण धरून चालतो. या पावडरीला ओल आणि ऊन लागले की तिचा जोर उतरतो. ताजी पावडर असली तरी क्लोरीन टाकीपासून नळापर्यंत जाताना वाटेतल्या घाणीवर खर्च होत जातो. नळ रोज येत नसेल तर दोन पुरवठ्यांच्या मधल्या काळात पाइप रिकामा राहतो, आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून ओटी टेस्ट टाकीजवळ करून भागत नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे मानक आहे. थेंब टाकल्यावर टाकीजवळच्या नमुन्याला पिवळा रंग येतो. तो शेवटच्या नळालाही येतो का, हे पाहिले पाहिजे.

शेवटचा नळ कोणाच्या दारात असतो, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात विचारा. बहुतेक वेळा दलित वस्ती, मुस्लिम मोहल्ला, नाहीतर गावाबाहेर नव्याने वसलेली मजुरांची घरे. पाइपलाइन कोणाचा धर्म विचारत नाही, पण ती टाकणारी माणसे आधी कोणाच्या गल्लीत वळतात हे सगळ्यांना ठाऊक असते. शहरांच्या कडेलाही असेच घडते. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि मग सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे गेले. माणसे लुळी पडायला लागल्यावर पाणी तपासायचे, हा क्रम उलटा आहे.

क्लोरीनने सगळेच भागते असेही नाही. विहीर-बोअरच्या पाण्यात खतांतून आणि मैल्यातून नायट्रेट उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचे दूध कालवून दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळे पडू शकते. पाणी उकळून प्या, एवढाच सल्ला देणाऱ्या परिचारिकेच्या हातात त्या विहिरीचा तपासणी अहवाल असायला नको का?

दूरदेशीचे आजार आपल्या दारात कसे येतात, तेही पाण्याच्याच अंगाने समजून घेता येते. झिकाचा विषाणू १९४७ साली युगांडातल्या झिका जंगलातल्या माकडात सापडला. ब्राझीलमध्ये त्याने हाहाकार केल्यावर फेब्रुवारी २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. जुलै २०२१च्या अखेरीस महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसर या खेड्यात. गावात तापाचे रुग्ण वाढत आहेत हे कोणीतरी लक्षात घेतले, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले, म्हणून ते कळले. तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत झाली, पण सुरुवात गावातले ताप मोजण्यापासून झाली.

झिका, डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ही अंडी भांड्याच्या कडेला कोरडी चिकटून महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी भरले की जिवंत होतात. म्हणून ड्रम नुसता रिकामा करून चालत नाही, आतून घासावा लागतो. आता राजूरसारख्या भागाचा विचार करा. दुष्काळात टँकरची वाट पाहणारी बाई ड्रम, टाकी, हंडे, बादल्या, जे मिळेल ते भरून ठेवणार. तिला पाणी साठवू नका असे सांगणे म्हणजे तिची चेष्टा आहे. टंचाई हे इथे डेंग्यूचे एक कारण आहे, आणि ते कारण केसपेपरवर लिहायला रकाना नाही. तिथे फार तर त्या बाईचा निष्काळजीपणा दिसतो.

शेतावर वेगळा धोका आहे. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. आपल्याकडेही कपाशी आहे, तोच पंप आहे, तीच दमट हवा आहे. फवारणीची विषबाधा सुरुवातीला साधीच वाटते. मळमळ, उलटी, घाम, डोके दुखणे. ऊन लागले असेल किंवा पोट बिघडले असेल म्हणून माणूस घरी जातो. आज फवारणी केली का, कोणते औषध, डबा आणला आहे का, डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे, हे चार प्रश्न पहिल्याच भेटीत विचारले तर जीव वाचू शकतो. नवऱ्याचे औषधाने भिजलेले कपडे हाताने धुणाऱ्या बाईलाही हेच विचारायला हवे. ती स्वतः शेतात गेलेली नसते, त्यामुळे तिच्याबाबतीत हा संशय कोणाला येतच नाही.

कारणाची नोंद नसली की दोष माणसाच्या माथी जातो. या मासिकाच्या वाचकांना त्याचे उदाहरण नवे नाही. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवरची साथ आली आणि गोवंडीत बालके दगावली. लगेच चर्चा सुरू झाली की मुसलमान लस घेत नाहीत. लसीकरणात खंड पडला होता हे खरे आहे, आणि त्याबाबत आपल्या समाजात स्पष्ट बोललेच पाहिजे. गैरसमज असतील तिथे ते दूर करणे हे आपलेच काम आहे. पण त्याच वस्तीच्या उशाला १९२७पासूनचे देवनारचे डम्पिंग ग्राउंड आहे. जानेवारी २०१६मध्ये तिथल्या आगीचा धूर अवकाशातल्या उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला होता. एकेका खोलीत सात-आठ माणसे, कुपोषित मुले आणि छातीत कायम धूर असेल, तर गोवर अधिक जीव घेणार. लस नाकारली, असा शेरा कागदावर येतो. हवा, दाटी आणि उपासमार यांचा शेरा कुठे येतो?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. परिचारिकेवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यात आणखी एक रजिस्टर? आक्षेप खरा आहे. मैदानी भागात एका उपकेंद्रामागे पाच हजार लोकसंख्या हा निकष आहे, आणि मोबाइलवर भरायच्या नोंदी वेगळ्या. म्हणून मी नवे रजिस्टर मागत नाही. आहे त्याच नोंदीत संशयित स्रोत हा एक रकाना हवा, आणि तीच माहिती दोनदा भरायला लावणारे कागद बंद व्हायला हवेत.

दुसरा आक्षेप असा की पाणी हे ग्रामपंचायतीचे काम, शेती कृषी खात्याचे, धूर प्रदूषण मंडळाचा. पण आजारी माणूस या खात्यांकडे जात नाही, तो परिचारिकेकडे येतो. सगळे धागे तिच्या टेबलावर एकत्र येतात. शिवाय परक्या पुरुषाला उंबऱ्यावर थांबवणारे घर तिला चुलीपर्यंत जाऊ देते. तिच्याइतके आतून गाव कोणी पाहत नाही.

तिसरी अडचण कोणी उघड बोलत नाही. माझ्या ओळखीच्या एका आरोग्यसेविकेने पाणी दूषित असल्याचे लेखी दिले, तेव्हा गावाची बदनामी करू नका, असे तिला सांगण्यात आले. ती कंत्राटी होती. नोकरीची खात्री नसलेल्या बाईकडून खरे लिहिण्याची अपेक्षा करायची असेल, तर तिच्या नोंदीला नियमाचे संरक्षण द्यावे लागेल.

तोवर गावकऱ्यांच्या हातातही काही साधने आहेत. राज्यात पाणीस्रोतांचे सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर होते, आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे किट वापरायला शिकवायचे आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, आणि त्यांच्यात शेवटच्या नळाजवळची एक तरी आहे का?

राजूरला अंगारकीला गणपतीच्या दर्शनासाठी दूरदूरून माणसे येतात. त्या दिवशी गावचे पाणी हजारो पाहुणे पितात. त्यात दोष असेल तर आजार त्यांच्याबरोबर कुठल्या कुठे जाईल. गावची मंडळी वुजू करतात तेही याच पाण्याने. पाणी तपासणीचा निकाल मंदिराच्या लाउडस्पीकरवरून सांगावा आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीतही सांगावा. त्याने कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही.

येत्या ग्रामसभेत तीनच गोष्टी विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे? शेवटच्या नळाची ओटी टेस्ट गेल्या महिन्यात किती वेळा झाली? आणि परिचारिकेने पाण्याबद्दल काही लिहून दिले असेल, तर त्यावर काय केले? या प्रश्नांना बायकांची उपस्थिती लागेल, कारण पाणी त्याच भरतात. त्यांना बरोबर घेऊन जा.