दुर्बीण नसली तरी

"आमच्या शाळेत दुर्बीण नाही, मग आम्ही तारे कसे पाहणार?" असे काही मुले विचारतात. मला ही अडचण मोठी वाटत नाही.

ययाती तारकासमूहात अल्गोल नावाचा तारा आहे. 'रास अल-गूल', म्हणजे गूलचे डोके, या अरबी शब्दांवरून हे नाव पडले. गूल म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको! हा तारा अधूनमधून मंद होतो. इंग्लंडमधील यॉर्क शहरात जॉन गुडरिक याने १२ नोव्हेंबर १७८२ रोजी ते पाहिले. तो अठरा वर्षांचा होता. त्याला ऐकू येत नव्हते. पुढे कित्येक रात्री तो नुसत्या डोळ्यांनी अल्गोलकडे पाहत राहिला आणि नोंदी लिहीत गेला. सुमारे २ दिवस २१ तासांनी तारा पुन्हा मंद होतो, हे त्याच्या ध्यानात आले. एखादी काळोखी वस्तू ताऱ्याच्या आड येत असावी, असा तर्क त्याने १७८३ मध्ये मांडला. १८८९ मध्ये जर्मनीतील फोगेल यांनी ताऱ्याच्या वर्णपटावरून तो खरा ठरवला. तेथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. मंद तारा तेजस्वी ताऱ्यापुढे आला, की ग्रहण लागते.

मोठ्या दुर्बिणी हव्यातच. अतिदूरच्या दीर्घिकांचे अंतरंग त्यांशिवाय कळणार नाही. पण प्रत्येक शाळेत आकाशाची एक वही असावी, असे मला वाटते. हिवाळ्यात दिव्यांच्या झगमगाटापासून दूर, गच्चीवरून अल्गोल पाहावा. शेजारच्या मिरफाक ताऱ्याशी त्याचे तेज ताडून पाहावे. तारीख व वेळ लिहावी. "आज बदल नाही" हीदेखील नोंदच आहे.