शेंड्यावरचा फुलटोच्या

फज्रची नमाज झाल्यावर अंगणात उभे राहिले की आंब्याच्या शेंड्यावरून ‘चिक्-चिक्-चिक्’ असा आवाज येतो. मान दुखेपर्यंत वर पाहावे, तरी पक्षी दिसत नाही. तो बहुधा फुलटोच्या असतो. लांबी जेमतेम 8 सेंटिमीटर. आपल्या देशातील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी हा एक.

त्याच्या अंगावर डोळ्यांत भरेल असा रंग नाही. पाठ राखी-हिरवट, पोट मळकट पांढरे. म्हणून आम्ही सांगू, आधी चोच पाहा. चोच बारीक, किंचित बाकदार आणि फिकट गुलाबी असेल तर तो टिकेलचा फुलटोच्या. चोच आखूड, जाड व निळसर करडी, छातीवर पुसट रेघा आणि शेपटी डावीकडे-उजवीकडे हलवण्याची सवय असेल तर तो जाड चोचीचा फुलटोच्या. चोच लांब, काळी व चांगलीच वाकलेली आणि पोट पिवळसर असेल तर ती शिंजिराची मादी समजावी.

दुसरी खूण म्हणजे बांडगूळ. फुलटोच्या त्याची पिकलेली फळे गिळतो. काही मिनिटांतच चिकट बी बाहेर पडते, फांदीला चिकटते आणि तिथेच रुजते. कोकणातील या प्रकारावर सालिम अली यांनी 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. शिंजीरही बांडगुळावर येतो, पण मुख्यतः फुलांतल्या मधासाठी.

बांडगूळ आंब्याचा रस शोषते, फांदी वाळते, उत्पन्न घटते. मग राग पाखरावर निघतो आणि मुलांच्या हाती गलोल येते. परंतु विनाकारण मुक्या जिवाला मारणे आपल्या दीनला मंजूर नाही, आणि पक्षी मारल्याने रुजलेले बांडगूळ जातही नाही. फळे धरण्यापूर्वीच ते फांदीच्या तुकड्यासह छाटावे. नुसती पाने ओरबाडली तर पुन्हा फुटते.

छाटताना पानांआड तंतू आणि कोळिष्टकांची लोंबती, इवलीशी पिशवी दिसली तर ते फुलटोच्याचे घरटे आहे. पिल्ले उडेपर्यंत तेवढी फांदी राहू द्यावी. अल्लाहने त्याचाही रिज्क त्याच झाडावर ठेवला आहे. बागेची निगा राखणे मात्र आपले काम.