आपोआप गिअर : घेण्यापूर्वी विचारा



बेणे, खत, पाचट यांवर लिहिणारा माणूस आज गिअरबॉक्सवर का लिहितो, असे आपण म्हणाल. घोटावडे गटात ऊसनोंदी घेताना एका वाहतूकदार सभासदाने विचारले, "साहेब, नवा ट्रक ऑटोमॅटिक घेऊ का? टिकेल का?" तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. गाडी वाटेत बसली की ऊस वाळतो. वजन घटते ते एकाचे, उतारा घटतो तो सर्वांचा. म्हणून हा प्रश्न माझ्याही खात्याचा आहे.

पहिली गोष्ट, ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नव्हे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे जातो. गाडी निघताना क्लच प्लेट घासत नाही. रांगेत हळूहळू सरकायला हा प्रकार चांगला. मात्र तेल तापले किंवा वेळेवर बदलले नाही, तर गिअरबॉक्स जातो आणि दुरुस्ती महाग पडते.

एएमटीमध्ये गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट आपली नेहमीचीच. फक्त पायाचे व हाताचे काम यंत्र करते. युरोपात लांब पल्ल्याचे ट्रक यावरच धावतात. व्होल्व्होने आपला आय-शिफ्ट २००१ साली आणला. पण हमरस्त्यावरचा गुण वेगळा आणि फडातला वेगळा! ओल्या फडातून भरलेली गाडी काढताना, चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवताना प्लेट जळते, आणि ड्रायव्हरला ते लवकर कळतही नाही.

तिसरा प्रकार दोन क्लचचा. छोट्या मोटारींत त्याचा कोरडा क्लच फार गाजला. ऑस्ट्रेलियात अशा गाड्यांच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल २०१८ साली न्यायालयाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. थांबत-सरकत चालणे हेच त्याचे दुखणे होते. आपल्या वजनकाट्याची रांग दुसरे काय असते?

एएमटीचा फायदाही मान्य केला पाहिजे. ड्रायव्हरचा शीण कमी होतो आणि नवशिक्याच्या हातून चुकीचा गिअर पडत नाही. तरीही फड ते कारखाना एवढ्याच कामासाठी कर्ज काढून गाडी घेणार असाल, तर माझे मत साध्या गिअरकडे आहे. त्याचा क्लच गावाजवळचा मिस्त्री उतरवू शकतो. एएमटीचा दोष शोधायला मात्र लॅपटॉपवाला माणूस लागतो, आणि तो ऐन हंगामात येईपर्यंत आपल्या खेपा बुडतात.

घ्यायचीच असेल, तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा : प्रकार कोणता, क्लच प्लेट हमीत आहे का, आणि दुरुस्तीचे जवळचे ठिकाण कोणते. उत्तरे लेखी घ्या. आणि ड्रायव्हरला बजावा : चढावर हँडब्रेक ओढायचा, रांगेत न्यूट्रल करायचे, पुढे चार गाड्यांची जागा झाली की मगच एकदम सरकायचे.

बेणे आपण डोळा पाहून घेतो. मग लाखोंची गाडी नुसत्या नावावर का घ्यावी?

आपला,
ऊस विकास अधिकारी