मान खाली, गुण खाली

मी सायखेड्याची. गोदाकाठच्या आमच्या गावात मुलगी वयात आली की पहिला धडा मिळतो : नजर खाली ठेव, हळू बोल, अंग चोरून बस. बी.कॉम. झाल्यावर नाशिकला मुलाखतीला गेले, तेव्हाही तशीच खुर्चीच्या कडेवर बसले. हिशेबाचे प्रश्न दोनच होते. उत्तरं बरोबर आली. तरी नकार मिळाला. ओळखीच्या कारकुनाकडून शेरा कळला, "आत्मविश्वास नाही." माझी मैत्रीण मोकळेपणाने हसून बोलली होती. तिच्या नावापुढे शेरा होता, "आगाऊ." मग बाईनं बसावं तरी कसं?

'मुलींनी देहबोली सुधारावी,' हा सल्ला आपल्या शिबिरांतूनही दिला जातो. सराव जरूर करू या. पण जे वळण घरानं लावलं, त्याची शिक्षा मुलीनं का भोगायची?

१९८० साली अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजप्रवेशाच्या मुलाखतीला एकतृतीयांश गुण ठेवणं मनमानी ठरवलं. पंधरा टक्क्यांहून जास्त नकोत, असं सांगितलं. २०१६ पासून केंद्र सरकारने 'क' गटाच्या भरतीतली मुलाखतच बंद केली. खाजगी नोकऱ्यांत मात्र पहिल्या दोन मिनिटांतली नजर अजूनही निकाल लावते.

म्हणून मागू या : सगळ्यांना तेच प्रश्न, प्रत्यक्ष काम करून दाखवायची संधी आणि नकाराचं लेखी कारण. सुरुवात आपल्याच संघटनांपासून करू. कार्यकर्ती निवडताना आपणही 'स्मार्ट' मुलगीच शोधतो ना, मैत्रिणींनो?