यादी नको, कपाट उघडा

परीक्षा संपली रे संपली की व्हॉट्सॲपवर ती यादी फिरायला लागते. 'सुट्टीत मुलांनी वाचावीत अशी २५ पुस्तकं'. वर 'श्यामची आई', मग दोन-तीन थोरांची चरित्रं, एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणि तळाशी 'रिच डॅड पुअर डॅड'चा अनुवाद. संस्कारही झाले, पैशाचंही कळलं. यादी पुढे ढकलणाऱ्यानं यातली निम्मी तरी वाचलीयत का, हे विचारायचं नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. सुट्टीतलं पुस्तक मुलानं निवडायचं. घरच्यांनी पैसे द्यायचे आणि गप्प बसायचं.

आमच्या सोसायटीत गेल्या मे महिन्यात 'वाचन चॅलेंज' झालं. दहा पुस्तकं, प्रत्येकाचा दहा ओळींचा सारांश, शेवटी सर्टिफिकेट. माझ्या सातवीतल्या भाच्यानं चौथ्या दिवशी दहाही सारांश आणून दिले. अक्षर त्याचं, मजकूर चॅटबॉटचा. पकडला गेला, बोलणी खाल्ली. मला त्याचं काही चुकलंय असं वाटत नाही. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. कोडच्या ओळी मोजून माणसाचं काम ठरवलं की ओळी वाढतात, सॉफ्टवेअर तसंच राहतं, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्ही सारांश मागितले, सारांश मिळाले. वाचन मागितलंच कुठे होतं?

'श्यामची आई'शी माझं भांडण नाही. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यात श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. ऐकणारे येतात ते ऐकावंसं वाटतं म्हणून. अशा पुस्तकाचा आपण सक्तीचा काढा करून टाकला आणि वर पोरं तोंड वाकडं करतात म्हणून त्यांनाच नावं ठेवतो.

'मोकळं सोडलं तर पोरं फालतूच वाचतील!' वाचू देत की. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या काय शाळेनं नेमल्या होत्या? 'आमच्या वेळी वाचन होतं' म्हणून उसासे टाकणाऱ्या कुठल्याही आजोबांना विचारा, अभ्यासाच्या पुस्तकाआड काय असायचं ते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा हा पोरगा जिथे तिथे नाक खुपसतो. त्यात बोध शोधायचा तर भिंग लागेल. पण ज्यूल व्हर्न मराठीत आणला तोही भागवतांनीच. फेणेच्या नादानं मूल व्हर्नपर्यंत आपसूक पोचतं, त्याला ढकलावं लागत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. निवडायचं म्हटलं तरी मुलानं निवडायचं कुठे? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, सरकारी अनुदानावर चालणारी ग्रंथालयं गावोगावी आहेत. पण मी पाहिलेल्या कितीतरी ग्रंथालयांत पुस्तकं काचेच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. काउंटरवर चिठ्ठी द्या, नंबर लिहा. बारा वर्षांच्या पोराला नंबर कुठून माहीत असणार? त्याला मुखपृष्ठ बघायचं असतं, मधलंच पान उघडायचं असतं, नाही पटलं तर परत ठेवायचं असतं. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' एका मुलीच्या हातून 'हे मोठ्यांचं आहे' म्हणत काढून घेणाऱ्या बाईही मी पाहिल्यात. पुस्तकातला लंपन त्या मुलीच्याच वयाचा असेल!

पाचगणीजवळच्या भिलारमध्ये २०१७ पासून लोकांनी राहत्या घरांत पुस्तकं मांडलीयत. कुणीही जावं, उचलावं, तिथेच बसून वाचावं. एका गावाला जमतं, मग जिल्ह्याच्या ग्रंथालयाला निदान मे महिन्यापुरती कुलपं काढायला काय होतं? दोन-चार पुस्तकं हरवतील. आत्ता ती कपाटात वाळवी खातेच आहे.

या सुट्टीत भाच्याचं ग्रंथालयाचं डिपॉझिट मी भरतोय. जिथे कपाटांपर्यंत जाऊ देतात असं ग्रंथालय शोधलंय, थोडं लांब आहे. पुस्तक अर्ध्यात टाकायची पूर्ण मुभा, सारांश नाही. त्याच्या आईची एकच अट आहे, दर खेपेला एक तरी 'चांगलं' पुस्तक आणायचं. ती मी अजून त्याला कळवलेली नाही.