होडीत पाय घालण्याआधी

सिडनी–होबार्ट शर्यतीच्या बोटीवर जागा कशी मिळवायची, हे सांगणारे इथे सिडनीत पुष्कळ भेटतात. उन्हाळ्यात संध्याकाळच्या छोट्या शर्यती असतात, त्या वेळी धक्क्यावर जाऊन उभं राहायचं. कुणाचा माणूस आला नाही की हात वर करायचा. शर्यत संपल्यावर ओली शिडं घडी करायला थांबायचं. सल्ला खरा आहे, मी तसंच केलं. दोन उन्हाळे मी वजन म्हणून बसले. बोट कलली की वाऱ्याच्या बाजूच्या कडेला, पाय बाहेर सोडून, लाटा अंगावर घेत. पण मिळालेली जागा कधी नाकारायची, हे मला इथे कुणीच सांगितलं नाही. ते वेंगुर्ल्यातून येतानाच माझ्याजवळ होतं.

माझे वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. ते म्हणायचे, "तांडेल कोण आसा ता आदी बघ, मगे होडयेत पाय घाल." तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या.

एका नोव्हेंबरात होबार्टला निघणाऱ्या एका बोटीवरून फोन आला. एक माणूस गळला होता, "येतेस का?" इस्पितळातल्या नोकरीत रजा टाकायचीच बाकी होती. मी तीन गोष्टी विचारल्या. रात्रीच्या अंधारात शीड बदलायचा सराव बोटीवरच्या सगळ्यांनी एकत्र केला आहे का? माणूस पाण्यात पडला तर त्याला वर घेण्याची तालीम शेवटची कधी झाली? कप्तान जखमी झाला तर सूत्रं कुणाकडे? उत्तर आलं, "त्याची काळजी तू करू नकोस." मी नाही म्हटलं. मैत्रिणींना ते वेडेपण वाटलं. लोक वर्षानुवर्षं या फोनची वाट बघतात.

ही शर्यत 628 सागरी मैलांची आहे. 26 डिसेंबरला दुपारी एक वाजता सिडनीच्या बंदरातून बोटी सुटतात तेव्हा काठावर जत्रा असते. पुढे किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणारा मोठा प्रवाह आहे. दक्षिणेचा वारा त्याच्यावर समोरून आला की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. त्यानंतर बासची सामुद्रधुनी, उथळ आणि उघडी. 1998 साली तिथल्या वादळात सहा खलाशी गेले, पाच बोटी बुडाल्या, पंचावन्न जणांना हेलिकॉप्टर आणि जहाजांनी उचलून आणावं लागलं. निघालेल्या 115 बोटींपैकी 44 होबार्टला पोचल्या. वादळच हवं असंही नाही. 2024 साली पहिल्याच रात्री वेगवेगळ्या बोटींवर दोघे दगावले. एकाला शिडाची आडवी काठी लागली, दुसऱ्याला तिला आवरणारा दोर.

1998 नंतर नियम कडक झाले. निम्म्या खलाशांनी तरी समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो ग्रीन केपचा नियम. सामुद्रधुनीत शिरण्याआधी प्रत्येक बोटीने रेडिओवरून कळवायचं, की बोट आणि माणसं पुढे जायला सक्षम आहेत. म्हणजे आयोजकच कप्तानाला थांबून विचार करायला लावतात. मग खलाशाने धक्क्यावर तोच प्रश्न विचारला, तर तो आगाऊपणा कसा ठरतो?

नवखा माणूस विचारत नाही, कारण जागा म्हणजे उपकार असं त्याला वाटतं. आपण परदेशातून आलेले, त्यात मी बाई, बोटीवर ओळखीचं कुणी नाही. बोलावलं हेच खूप, असं मन सांगत राहतं. उपकाराच्या ओझ्याखाली माणूस फाटलेलं लाइफजॅकेटही मुकाट्याने अंगात घालतो. मी घातलेलं आहे, बंदरातल्या एका शर्यतीत, आणि त्याची मला आजही चीड येते.

आमच्या गावापासून फार लांब नाही, त्या गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीवरून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 2017–18 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघण्यापूर्वी त्या एकत्र मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या होत्या. एकमेकींचे हात अंधारात कसे चालतात हे ठाऊक असल्याशिवाय त्या दक्षिण महासागराच्या वाटेला लागल्या नाहीत.

मी नकार दिला त्याच्या पुढच्या वर्षी मला दुसऱ्या बोटीवर जागा मिळाली. तिथल्या कप्तान बाईंनी माझे तीन प्रश्न ऐकून घेतले आणि त्याच आठवड्यात रात्री साडेआठला सगळ्यांना बंदराबाहेर नेलं. पाण्यात टाकलेली गोणी वर घ्यायला आम्हाला पहिल्या खेपेला बावीस मिनिटं लागली, पाचव्या खेपेला सात. त्या डिसेंबरात आम्ही होबार्टला पोचलो.

मी नाकारलेली ती बोटही तिच्या वर्षी सुखरूप पोचली होती. तरीही माझा नकार बरोबरच होता.